जागेवर

सर फक्कीची गाडी ढकलत तिसऱ्या पट्ट्याच्या वळणापर्यंत आले आणि तिथेच गाडी रिकामी झाली. त्यांनी डबा उलटा करून दोनदा ठोकला, तळाला चिकटलेली पांढरी पूडही रेघेवर पाडली, तरी हातभर रेघ राहिलीच. मैदानाला पट्टे सहा. यंदा कॉलेजने फक्कीची दोनच पोती दिली होती, आणि दोन पोत्यांत सहा पट्टे काढायला सर काही जादूगार नव्हते. उरलेले तीन पट्टे मुलींनी मनातल्या मनात आखून घ्यायचे.

“सर, मॅडमनी अकराला बोलावलंय!” शिपाई मैदानाच्या कडेवरूनच ओरडला. बुटांना पूड लागेल म्हणून तो कधी आत येत नसे. “वेळांची वही घेऊन या म्हणाल्या.”

सरांनी हात झटकले. वही कशासाठी मागितली हे त्यांना न सांगता कळलं. पोहण्याचा तलाव गेल्या वर्षी रिकामा झाला होता, टेबल टेनिसची टेबलं परीक्षेच्या गठ्ठ्यांखाली गेली होती. प्रवेश कमी म्हणून पैसा कमी, आणि पैसा कमी पडला की पहिली कात्री खेळावर, हे समजायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. आता पाळी धावण्याची होती.

प्राचार्य मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर सरांना भांडता तरी आलं असतं. त्यांनी आधी पाण्याचा पेला पुढे केला, मग कागद.

“सात संघांतले तीनच ठेवायचेत. ज्या संघात विद्यापीठाच्या पात्रतेत बसणारा एक तरी खेळाडू आहे, तेवढेच. यादी आज पाचपर्यंत संस्थेकडे गेली पाहिजे. तुमची ती आठशे मीटरवाली आहे ना, उंच?”

“टोळ,” सर म्हणाले. सगळं मैदान तिला टोळच म्हणे. पोरीला नुसते पायच होते.

“तिची वेळ बघू. पात्रता दोन मिनिटं वीस सेकंद आहे.”

मॅडमनी वही उघडली. सरांचं अक्षर मोत्यासारखं, कुठे खाडाखोड नाही, तारखेनिशी सगळं टापटीप. मॅडमचं बोट हळूहळू खाली सरकलं आणि एका ओळीवर थांबलं. वर्षभरातली टोळची सर्वांत चांगली वेळ दोन मिनिटं वीस पूर्णांक नऊ होती.

“अरेरे,” मॅडम म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. “एक सेकंदसुद्धा नाही हो. नऊ दशांश.”

ती वेळ खोटी होती, आणि हे जगात एकट्या सरांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचं असं होतं. शर्यत सुरू करताना सर आधी ‘जागेवर!’ म्हणत. मुली रेघेशी येऊन वाकत, दोन सेकंद जात, मग शिट्टी. घड्याळ शिट्टीला सुरू करायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. सरांचा अंगठा मात्र ‘जागेवर’लाच बटणावर दाबला जाई. चांगली वेळ आली असं कळलं की पोरगी सुस्तावते आणि दोन सेकंद कमी पडत राहिले की पळत राहते, असं त्यांचं ठाम मत होतं. मैदानावर मोबाइल पिशवीतच ठेवायचा असा त्यांचा दंडक, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या घड्याळाची भीती नव्हती. आणि यात नुकसान तरी कुणाचं? मुली बाहेर स्पर्धेला गेल्या की परक्या घड्याळावर त्यांची वेळ आपसूक दोन सेकंदांनी सुधारे. सर म्हणत, “बघा, स्पर्धेत अंग सुटतं.” मुलींना वाटे, सरांच्या हाताला यश आहे. सरांनाही कधीकधी तसंच वाटे.

पण स्पर्धेला जायचं तर बस लागते, आणि कॉलेजची बस दोन वर्षांपूर्वी विकली गेली. तेव्हापासून परकं मैदान नाही, परकं घड्याळ नाही. खरी मानावी अशी एकच गोष्ट उरली, ती म्हणजे सरांची वही. इतका नेम धरून आपल्या पायावर धोंडा क्वचितच कुणी पाडून घेतला असेल.

“मॅडम, ही वेळ बरोबर नाही.”

“म्हणजे?”

सरांनी सांगितलं. सांगताना ते पेल्याखालच्या ओल्या वर्तुळाकडे बघत होते. बावीस वर्षांची गोष्ट सांगून व्हायला मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

मॅडमनी वही मिटली.

“पळता येईना, घड्याळ वाकडं?” त्या म्हणाल्या, पण हसल्या नाहीत. “सर, आज तुम्ही हे सांगताय, कारण आज ते सोयीचं आहे. संस्थेचे लोक पहिलं हेच म्हणतील. आणि समजा खरं असलं, बावीस वर्षांची वही खोटी असली, तर मग मी तुमचं नेमकं काय खरं धरू?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आतापर्यंत मॅडमच्या लेखी सर एक हरलेले पण सरळ शिक्षक होते. आता तेही राहिले नाहीत.

मॅडमनी वही सरांकडे सरकवली. “तिला परत पळवा. आजच, चार वाजता. घड्याळ तुमच्या हातात नको. हेडक्लार्क बाईंना पाठवते, त्या लिहितील ती वेळ यादीत जाईल. आणि संघ बंद झाला तर सोळा मुलींची फी-माफी जाईल, हे मला सांगू नका. मला पाठ आहे ते.”

टोळ जिमखान्याच्या पायरीवर बसून बुटांत कापूस कोंबत होती. बूट वरच्या वर्गातल्या मुलीचे, एक नंबर मोठे. कापूस नीट बसला नाही तर टाच सोलते, म्हणून ती हे काम मन लावून करी. सर तिच्या शेजारी बसले. एरवी ते कधी मुलींसमोर खाली बसत नसत. तिनं हात थांबवला.

त्यांनी तिलाही तेच सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

“जानेवारीत पण?” तिनं विचारलं. जानेवारीत विद्यापीठाची निवड होती. ज्यांची वेळ बसली त्यांचीच नावं सर पाठवणार होते. त्यांनी कुणाचंच पाठवलं नव्हतं.

“हो.”

“मी दोन वीस पूर्णांक नऊ पळाले होते तेव्हा.”

“दोन अठरा पूर्णांक नऊ पळाली होतीस.”

तिनं बुटाची जीभ सरळ केली. मग म्हणाली, “मी त्या दिवशी घरी सांगितलं, माझ्यात दम नाही. बाबा म्हणाले, मग कशाला झिजतेस, दुकानात बस. मी हो म्हणाले, सर. परीक्षा झाली की बसणार होते.”

“मला वाटलं, अजून एक वर्ष गेलं की तू…”

“एक वर्ष कुठं आहे?”

तिनं उरलेला कापूस बुटात कोंबला आणि नाडी इतकी आवळली की बोटं पांढरी पडली. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर सरांना बरं वाटलं असतं. पण ती पोरगी शिव्या देणाऱ्यांतली नव्हती, आणि सरांना बरं वाटावं ही आता तिची जबाबदारीही नव्हती.

चारला पाच मिनिटं असताना हेडक्लार्क बाई पॅड आणि पेन घेऊन मैदानात आल्या. चष्मा साखळीला लटकवलेला, पदर खोचलेला. कॉलेजात सगळे त्यांना बाई म्हणत; सर एकटेच ‘तू’ म्हणत, कारण बाई त्यांच्या अगदी सुरुवातीच्या तुकडीतल्या. त्याही आठशे मीटरच पळायच्या. त्या वर्षी बसमध्ये जागा बारा होत्या आणि बाईंची वेळ पात्रतेत बसली नव्हती, म्हणून त्या मागे राहिल्या. पुढे धावणं सुटलं, ऑफिसात नोकरी लागली. रोज सकाळी मस्टरवर सही करताना दोघं हवापाण्याचं बोलत.

सरांनी घड्याळ त्यांच्या हातात दिलं. “शिट्टी वाजली की…”

“मॅडमनी सांगितलंय मला,” बाई म्हणाल्या. “सगळं सांगितलंय.”

बाकीच्या पंधरा मुली कडेला उभ्या होत्या. संघ टिकणार की जाणार ते या शर्यतीवर ठरणार, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. अशा बातम्या कॉलेजात पाणी प्यायलाही थांबत नाहीत. त्यांतल्या दोघी पहिली फेरी सोबत पळणार होत्या.

“जागेवर!” सर म्हणाले.

त्यांचा रिकामा अंगठा बोटावर दाबला गेला. तो त्यांनी मुठीत घेतला आणि शिट्टी फुंकली.

टोळ सोबतच्या दोघींना शंभर मीटरांतच मागे टाकून निघाली. सर ओरडले, “दमानं!” आणि तिनं ऐकलं नाही. पहिली फेरी संपली तेव्हा बाईंनी आकडा मोठ्यानं वाचला, सदुसष्ट. फार लवकर होतं ते. रागावर पहिली फेरी निघते, दुसरी निघत नाही, हे सरांना माहीत होतं आणि ते काहीही करू शकत नव्हते. समोरच्या बाजूला तिचे खांदे वर चढले, मान मागे गेली. शेवटच्या वळणावर ती चक्क चालायला लागेल असं वाटलं. कडेच्या मुली ओरडत ओरडत तिच्या बाजूनं पळायला लागल्या. टोळ तोंड वासून, डोळे मिटून रेघेवरून गेली आणि चार पावलांवर गुडघ्यांवर पडली.

बाईंनी चष्मा लावला.

“दोन एकोणीस पूर्णांक चार.”

मुलींनी एकच कालवा केला. कुणी रडलं, कुणी टोळच्या अंगावर पाणी ओतलं, कुणी तिचे बूट काढले. संघ राहिला होता. सर दोन पावलं पुढे गेले. टोळनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, मग मैत्रिणीच्या खांद्यावर हात टाकून ती नळाकडे निघून गेली. सर तिथंच उभे राहिले.

बाई पॅडवर वेळ लिहीत होत्या. अंक झाले, अक्षरी झालं, तारीख झाली. तरी पेन कागदावरच होतं.

“सर, एक विचारू? माझ्या वेळीसुद्धा अंगठा ‘जागेवर’लाच होता?”

एक ‘नाही’ म्हटलं असतं तर काम भागत होतं. इतक्या वर्षांपूर्वीचा अंगठा कोण तपासायला येणार? बाईंनीही ते मानलं असतं, निदान मानल्यासारखं केलं असतं. सरांना वहीचं ते पान आठवत होतं. हा उद्योग त्यांनी सुरू केला त्याच वर्षी, त्याच तुकडीपासून.

“हो,” ते म्हणाले.

बाईंचे ओठ किंचित हलले. हिशेब काही अवघड नव्हता.

“दोन एकवीस पूर्णांक दोन होती माझी. म्हणजे दोन एकोणीस.”

“हो.”

“पात्रता तेव्हाही वीसच होती.”

नळाकडून मुलींच्या हसण्याचा आवाज येत होता.

“बरं झालं सांगितलंत,” बाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसला आणि परत लावला. “मला आजवर वाटायचं, शेवटच्या वळणावर मीच सोडून दिलं.”

मग त्यांनी पॅड पुढे धरलं.

“इथं सही करा. पाचच्या आत यादी जायचीय.”