ऊन पांघरते

खाट रिकामी आहे.

हातोदच्या अलीकडे, गव्हाच्या दोन शेतांमधल्या पडीक तुकड्यावर, दोन निंब आणि दोन बांबू यांच्यामध्ये ताणलेल्या छपराखाली, एक खाट रिकामी आहे. छप्पर विणलेलं आहे. जुने स्वेटर, मफलर, बाळांची टोपडी, एक हिरवी बाही, सगळं एकमेकांना शिवून केलेलं. खाली गाद्या, गाद्यांवर माणसं. कुणी झोपलंय, कुणी झोपल्याचं सोंग करता करता खरंच झोपलंय.

खाटेवर कुणी टेकायला गेलं की संघदीप जवळ जाऊन हळूच सांगतो, "भिया, इथे नको. ही आईची आहे."

आई अजून आलेली नाही.

*

भोंग्यावर प्रणव:

"तो साथियों, जल्दी किसी को नहीं है. गराडू तले जा रहे हैं. जिसको भूक है वो जाए, जिसको नहीं है वो भी जाए. बांसुरीवाले भैया ट्रॉली पे चढ़ गए हैं, उतरेंगे तब उतरेंगे."

मग भोंगा खरखरतो, मग बासरी, मग कुठल्या तरी विहिरीवरची मोटर. बासरी आणि मोटर बराच वेळ एकाच सुरात चालतात आणि कुणालाच त्यात काही विशेष वाटत नाही.

*

या मेळ्याचं नाव 'मेड़'. मेड़ म्हणजे शेताचा बांध. इंदूरपासून फार लांब नाही, तरी इथे आलं की इंदूर कुणीतरी सांगितलेल्या गोष्टीसारखं वाटायला लागतं. दोन दिवस चालतो. कार्यक्रमपत्रिका नाही. ज्याला गावंसं वाटेल त्याने गावं, ज्याला चित्र काढावंसं वाटेल त्याने बैलगाडीवर, भिंतीवर, हातावर काढावं. प्रणवचं हे शेत, म्हणजे त्याच्या मामांचं. मामा बांधावर बसून हरभऱ्याचे घाटे भाजतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या ओंजळीत टाकतात. हातात पडतात तेव्हा ते इतके गरम असतात की माणूस दोन पावलं नाचतो. तोही एक कार्यक्रमच.

डिसेंबर आहे. आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं. संघदीप आठवडाभर सुट्टी काढून इथे छप्पर शिवत होता आणि

*

आणि आता मान वाकडी करून रस्त्याकडे बघतोय.

आई गात नाही, हे त्या छपराचं कारण.

सरलाबाई महूच्या पोस्टात काउंटरवर होत्या. निवृत्त झाल्यावर घर इंदूरच्या राजेंद्र नगरला आलं, पण एप्रिलमध्ये जयंतीला महूच्या स्टेजवर पहिलं गाणं त्यांचंच असायचं. मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, आवाज परत आला. जाडा होऊन आला. डॉक्टर म्हणाले, गायला काही हरकत नाही. आई म्हणाली, "हा आवाज कुणा दुसरीचा आहे. दुसरीच्या आवाजात मी कशी गाऊ?"

तेव्हापासून घरात सलायांचा आवाज तेवढा. टिक, टिक. आई विणते.

संघदीपला वाटलं, स्टेजवर नाही तर नाही. मोकळं रान असेल, झोपाळलेली माणसं असतील, डोक्यावर तिच्याच गाण्याचं छप्पर असेल, तर कदाचित. गाणंही साधं, त्याच्या लहानपणचं:

निज निज सोन्या, बाप गेला पहाऱ्याला
ऊन तुला पांघरते, थंडी दे तू वाऱ्याला

आईने त्याला हे म्हणत झोपवलं होतं, एका हाताने थोपटत, मांडीवर ऊनचा गोळा ठेवून. म्हणून त्याने घरातला सगळा ऊन गोळा केला, ट्रंकांमधून, शेजाऱ्यांकडून, अन्नपूर्णा भागात राहणाऱ्या मावशीकडून. निंबाला पाटी टांगली. पाटीवर एकच शब्द.

ऊन

आई म्हणाली होती, "बघायला येईन. गायला नाही."

*

मानसी गादीवर उताणी पडून छपराच्या भोकांमधून वर बघतेय. ती संघदीपच्या ऑफिसातली. ते दोघं शेव-फरसाणच्या पाकिटांवरची चित्रं करतात. नाशिकहून आली, तीन वर्षं झाली, अजून पोह्यांवर शेव बघून नाक मुरडते आणि मग दोन प्लेट खाते.

"काय केलंयस रे हे," ती म्हणते. "सकाळपासून मला याचंच कौतुक वाटतंय. लोकरीने ऊन अडवायचं आणि नाव द्यायचं ऊन."

"काय अडवायचं?"

"ऊन."

"ऊन तर आहे ना. लटकवलाय की वर."

"ती लोकर."

"लोकर काय?"

मानसी कोपरावर उठून बसते. एक लोंबता धागा बोटाला गुंडाळते. "ही. वूल. लोकर."

"हां, तर तेच. ऊन."

ती धागा सोडते. मग हात लांब करून छपराच्या सावलीबाहेर धरते. हात एकदम पिवळा होतो.

"संघदीप. ऊन हे."

*

संघदीपच्या घरात उन्हाला धूप म्हणायचे. धूपमध्ये पापड, धूपमध्ये लोणच्याची बरणी, धूपमध्ये बसून मटार सोलणं, "जास्त वेळ धूपमध्ये खेळू नको." शाळा हिंदी, कॉलेज इंग्रजी, दोस्त सगळे इंदूरचे. ऊन एकच होतं, ते आईच्या मांडीवर असायचं, लाल किंवा निळं, आणि पायाने लाथाडलं तर पलंगाखाली घरंगळत जायचं.

त्या गाण्यात आई लाल गोळा उलगडत त्याच्या अंगावर घालतेय असं त्याला दिसायचं. धागा, धागा, धागा, मग झोप.

इतकी वर्षं.

*

"तू मुद्दाम नाही केलंस?" मानसी हळू विचारते.

तो पाटीकडे बघतो.

"कुणाला कळणार नाही रे. हिंदीवाल्यांना वूल वाटतंय, मराठीवाल्यांना वाटतंय तू लई हुशार आहेस. मलाही वाटलं होतं."

"आईला कळेल."

"मग?"

"मग काय. ती येणार, बघणार, की पोराला एक गाणं दिलं होतं, ते पण याने गलत ठेवलं. आणि ती गाईल? झालं." तो उठतो. "पाटी काढतो."

तो निंबाखाली पोचतो, टाचा उंचावतो, सुतळीची गाठ घट्ट बसलेली असते, तो दाताने

*

"संघू, झाडाला काय चावतो रे?"

बांधावरून आई येतेय. चपला हातात, पदर खोचलेला, अंगात तपकिरी स्वेटर, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. राजेंद्र नगरहून सुटलेल्या गाडीने तिला सडकेवर सोडलं आणि ती शेतातून सरळ चालत आली. मामांनी तिलाही घाटे खायला लावलेले दिसतात, कारण ती गाल फुगवून फुंकतेय.

"नमस्कार काकू," मानसी म्हणते.

"जय भीम, बेटा. तूच मानसी ना? हा सांगतो, तू पोह्यांची बुराई करते." मग आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून, "एवढी माणसं दिवसा झोपलीत. बीमार आहेत का?"

"नाही काकू. कार्यक्रम आहे."

"अच्छा." आई एका घोरणाऱ्या माणसाकडे आदराने बघते. "चांगला करतोय."

संघदीपच्या हातात सुतळी तशीच आहे. पाटी थोडी वाकडी झाली आहे, एवढंच.

आई छपराखाली येते आणि वर बघते. आधी ती विणणाऱ्या बाईच्या नजरेने बघते. "हे फंदे कोणी घातले? ढिले आहेत." मग, "ही बाही तुझ्या पप्पांची." मग, "हे टोपडं तुझं." मग, "मी बोलली, ट्रंक एवढी हलकी कशी झाली. मला वाटलं, मीच ताकदवान झाली."

ती खाटेवर बसते. कुणाला सांगावं लागत नाही.

*

भोंग्यावर प्रणव, लांबून:

"सरला आंटी आ गई हैं क्या? संघदीप भाई, आ गई हों तो बताना, माइक तैयार है, हमने तो…"

कुणीतरी भोंगा बंद करतं. बासरीवाला ट्रॉलीवरून उतरत असावा, कारण सूर पायरी पायरीने खाली येतोय.

*

"माइक कशाला?" आई विचारते.

"काही नाही."

"मी बोलली होती ना, गायला नाही."

"हो आई. बस फक्त."

ती बसते. डबा उघडत नाही. दोन्ही हात काखेत घालते. "थंडी आहे रे इथे. छाव आहे ना पूर्ण. धूपमध्ये घे ही खाट."

संघदीप मानसीकडे बघतो. मानसी गव्हाकडे बघते.

"आई, ते… गाण्यातलं आहे. वर. ऊन." शेवटचा शब्द तो इतक्या हळू म्हणतो की तो जवळजवळ नुसता श्वास असतो.

आई वर बघते. मग वाकड्या पाटीकडे. मग परत वर, हिरव्या बाहीकडे, टोपड्याकडे, ढिल्या फंद्यांकडे, आणि आता ती विणणाऱ्या बाईच्या नजरेने बघत नाही.

"कोणत्या गाण्यातलं?"

"निज निज सोन्या."

"तुला काय वाटायचं, मी काय पांघरते?"

"ऊन. म्हणजे… स्वेटरचा."

"स्वेटरचा."

"हो."

"झोपलेल्या पोरावर मी गोळा सोडायची?"

"धागा धागा करून," संघदीप म्हणतो. तो तिशी ओलांडलेला माणूस आहे. कान लाल झालेत.

आई हसत नाही. तिने हसावं असं मानसीला फार वाटतं.

"अरे वेड्या," आई म्हणते. "लोकर असती, तर माझ्या आईने ऊन कशाला पांघरलं असतं?"

*

हे तिने याआधी कधी सांगितलेलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

तिची आई शांता. बाप धोंडिबा, फौजेत, महूच्या लाइनीत एका खोलीचं क्वार्टर. घरात कांबळ एक. रात्री धोंडिबा ते घेऊन पहाऱ्यावर जायचा, दिवस वर आल्यावर परत येऊन तेच घेऊन झोपायचा. तान्ही सरला राहायची आईच्या लुगड्यात, रात्रभर किरकिर. सकाळ झाली की शांता तिला अंगणात आणायची आणि उन्हात ठेवायची. अंगण छोटं, पुढे भिंत. ऊन सरकायचं. ऊन सरकलं की ती पोरीला सरकवायची, परत सरकलं की परत सरकवायची, भांडी घासता घासता, एका हाताने, पोर न उठवता.

"सरकवताना म्हणायची ते. म्हणून त्याची चाल अशी आहे," आई म्हणते. "तू लहानपणी पण 'ऊन' झटक्यात म्हणायचा. ऊन. तसं नाही. ते ओढायचं. जेवढं पोरीला ओढायचं, तेवढं. ऐक."

आणि ती ओढून दाखवते.

*

ऊ

      ऊ

            ऊन तुला

                  पांघरते

*

आवाज जाडा आहे. दुसरीचा असेल तर असेल. त्यात तळाशी काहीतरी खडबडीत आहे, भांडं घासल्यासारखं, आणि हे गाणं भांडी घासतानाचंच आहे. संघदीपने ते लहानपणी ऐकलं तेव्हा ते गोड होतं. आज ते खरखरीत आहे आणि त्याला पहिल्यांदा त्यात अंगण दिसतं, भिंत दिसते, ओल्या हाताने सरकवलेली एक छोटी मुलगी दिसते.

"असं," आई म्हणते. "कळलं?"

"नाही," संघदीप म्हणतो.

"कसं नाही?"

"परत एकदा."

मानसी त्याच्याकडे बघते. त्याला कळलंय हे तिला कळतं.

"डोकं आहे का बटाटा आहे?" आई म्हणते, आणि परत पहिल्यापासून सुरू करते. निज निज सोन्या. तिचा उजवा हात खाटेच्या कडेवर आहे आणि तो हळूहळू, तिच्या नकळत, काहीतरी उजवीकडे सरकवतोय.

प्रणव माइक घेऊन धावत येतो. मानसी उठून माइकच्या जाळीवर तळहात ठेवते. प्रणव तसाच उभा राहतो, मग खाली बसतो.

मग संघदीप खाटेचा एक पाय धरतो.

मानसीला समजायला एक क्षण लागतो. ती दुसरा धरते. प्रणव तिसरा. चौथा तो मघाशी घोरणारा माणूस, जो अजून पुरता जागाही नाही. चौघं खाट उचलतात, आईसकट. आई गाणं थांबवत नाही, फक्त डबा मांडीवर घट्ट धरते आणि भुवया वर करते, आणि ते तिला छपराखालून बाहेर नेतात आणि तिच्या पावलांवर, मग गुडघ्यांवर, मग तपकिरी स्वेटरवर, मग तोंडावर

*

ऊन.

*

दुपार कलली होती. निंबांच्या सावल्या लांबत होत्या, छपराची सावली त्यांच्या मागोमाग. सावली खाटेपर्यंत आली की ते खाट पुढे सरकवायचे. आई ओढून म्हणायची, ते ओढायचे. गाद्यांवरची माणसं एकेक करून जागी झाली, त्यांनी बघितलं, कुणी काही विचारलं नाही. आपापली गादी धरून तीही सरकली. बासरीवाल्याने बासरी ओठांना लावली आणि मग नुसतीच हातात धरून चालत राहिला. मामा घाट्यांची टोपली घेऊन सरकले. सगळा मेळा पडीक जमिनीवरून, कुणाला न उठवता सरकवावं तसा, पूर्वेकडे सरकत गेला. मागे राहिलं ते छप्पर. वाऱ्याने हलणारं, खाली कुणी नसलेलं.

गाणं दोनच ओळींचं होतं. ते संपत नव्हतं.

मग बांध आला. बांधापलीकडे गहू, हिरवा, गुडघ्याएवढा. मामांनी मान हलवली, नाही. गव्हात खाट नाही.

त्यांनी खाट बांधाला लावून टेकवली. सावली आली, आधी निंबांची, मग छपराची, त्यात एका बाहीची लांबच लांब सावली. ती आईच्या मांडीवर आली, डब्यावर आली. ऊन गव्हावर उतरलं आणि गव्हातून पुढे निघून गेलं.

आई गायची थांबली. गळ्यावरून हात फिरवला, ऑपरेशनच्या खुणेवरून. मग हात परत काखेत घातले.

"चल," ती संघदीपला म्हणाली. "आता आण तुझं ऊन."

तो छपराकडे पळाला.