अबोलीसाठी शेवाळाचं पाणी

"अबोलीक कळे इले काय?" परळच्या हॉस्पिटलात पहिल्याच दिवशी मालनने विचारलं आणि मी "इले" म्हणून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी तिचं पोटाचं ऑपरेशन होतं. अशा बायकोला काय सांगणार, की लालबागला आपल्या गॅलरीत तुझी अबोली पिवळी पडलीय? मग रोज भेटीच्या वेळी मला कळ्या वाढवाव्या लागल्या. सोमवारी तीन, गुरुवारी नऊ. त्या शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, पुढच्या शुक्रवारी घरी न्या.

गावी आमचे बाबा माडांच्या बुंध्याशी समुद्राचं शेवाळ टाकायचे. शनिवारी मी वरळीच्या खडकांवरून पिशवीभर खरवडून आणलं आणि बादलीत भिजत घातलं. पुतण्या वैभव फोनवर म्हणाला, "काका, आधी नीट धुवा, मीठ जाऊ दे. महिनाभर कुजवा. मग एका मगाला दहा मग पाणी." महिना? माझ्याकडे सहा दिवस होते. आणि बाबांनी कधी शेवाळ धुतलं होतं? हा कालचा पोरगा मला शिकवणार!

घरात पाय ठरेना. तासातासाला झाकण उघडायचो, काठीने ढवळायचो, परत झाकायचो. चहा ठेवला की बादली आठवायची, बादलीपाशी गेलो की चहा उतू जायचा. तिसऱ्या दिवशी वास अख्ख्या मजल्यावर फिरला. शेजारची दर्शना नाकाला ओढणी लावून दारात उभी.

"काका, काय मेलंय काय तुमच्याकडे?"

"खत आहे, खत!" मी खेकसलो.

"मग झाडाला घाला ना, आम्हाला कशाला?"

बुधवारी माझा धीर सुटला. एकाला दहा गेलं खड्ड्यात म्हटलं आणि दोन मग पाणी तसंच अबोलीच्या मुळाशी ओतलं. गुरुवारी पानांच्या कडा करपल्या. तरी संध्याकाळी मी मालनला "वीस" सांगून आलो. येताना माझी मलाच लाज वाटली. शुक्रवारी सकाळी हात लावला की पानं गळत होती.

टॅक्सीतून उतरून मालन एकेक पायरी थांबत जिना चढली आणि खोलीत न शिरता थेट गॅलरीत गेली. मी तिच्या मागे औषधांची पिशवी धरून उभा. तिने मातीवरचा पांढरा थर नखाने खरवडला.

"माती खारी केलात तुमी. माडाक चलता, अबोलीक नाय."

"मालन, कळे नव्हतेच गो," मी म्हणालो. "पयल्या दिसापासून नव्हते. मी खोटा बोललंय."

 ती कठडा धरून हळूच खाली बसायला गेली. बसताना तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो मी इतक्या दिवसांत एकदाही ऐकला नव्हता.

"मी तरी खंय खरा सांगत होतंय?" डोळे मिटून ती म्हणाली. "तुमी रोज येवन इचारीत होतात, आणि मी रोज दुखत नाय, दुखत नाय म्हणत होतंय."