फौजीचं वायरिंग

लालासाहेब फौजेतून रिटायर होऊन आला त्याला आठ महिने झाले होते, आणि या आठ महिन्यांत घरात कुणी त्याला एकही काम सांगितलं नव्हतं. ऐकणाऱ्याला वाटेल, काय नशीबवान गडी! पण घरात ज्याला काम सांगत नाहीत तो पाहुणा असतो, हे त्याला रोज कळत होतं आणि रोज टोचत होतं.

बावीस वर्षं तो सुट्टीवर यायचा. सुट्टीवरच्या माणसाला कोण काम सांगणार? आल्या दिवशी मटण, निघताना लाडूंचा डबा आणि मधले दिवस "बसा निवांत". त्याच्या बायकोला, रेश्माला, तीच सवय लागून गेली होती. त्यानं बादली उचलली की ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या, मी करते." दळणाचा डबा खांद्यावर घेतला की, "ऱ्हाऊ द्या, गिरणीवाला घेऊन जातोय." बरं, रागानं म्हणावी तर तसंही नाही, अगदी मायेनं. रागाशी भांडता येतं, मायेशी काय भांडणार! लेक संयोगिता सांगलीला होस्टेलवर. मग फौजीनं दिवसभर मिशीला पीळ द्यायचा आणि संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर बाकीच्या रिटायर मंडळींत जाऊन बसायचं.

रेश्मा मात्र घडीभर बसायची नाही. लालासाहेब राजस्थानात असताना तिनं घरामागच्या परसात, शेवग्याच्या पलीकडं, उसाच्या रोपांची नर्सरी काढली होती. उसाचे डोळे काढून ट्रेमध्ये लावायचे, रुजले की हिरव्या जाळीखाली ठेवायचे, महिन्याभरानं रोपं शेतकऱ्यांच्या गाडीत चढवायची. या कामासाठी पत्र्याची एक शेड होती. तिला घराकडून दार आणि जाळीकडून नुसता पोत्याचा पडदा.

आणि वीज? ती कथा वेगळीच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक निळी वायर निघायची, शेवग्यावर चढायची, तीन ठिकाणी चिकटपट्टीचे जोड मिरवत शेडमध्ये उतरायची. तिथं पडद्याजवळच्या खांबाला सुतळीनं बांधलेला एक बोर्ड कमरेएवढ्या उंचीवर लोंबत असायचा, आणि त्याच्यावर आढ्याला एक बल्ब.

ज्या माणसानं बावीस वर्षं फौजेत वायरिंगच केलं, त्याच्या परसात हे! आठ महिने डोळ्यांआड केलं, पण शेवटी एक दिवस लालासाहेबाच्या डोक्यात तिडीक गेली.

"हे काय, गाईच्या गळ्यात लोढणं बांधल्यावानी? पावसात एखाद्या दिवशी जीव जाईल तुझा!"

"चार वर्सं झाली, काय झालं न्हाई. ऱ्हाऊ द्या. लय वाटत आसंल तर वायरमन नानासोला सांगते."

"नानासोचं नाव काढू नगंस! हे काम माझं हाय."

आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. रेश्मानं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि ती भाकऱ्या थापायला आत गेली. तिचं जाणं ही परवानगीच समजून लालासाहेबानं वायर कापली, बोर्ड सोडवला आणि दोन्ही माळ्यावर फेकून दिलं. तो बोर्ड तिथंच का बांधला होता, हे काही त्यानं विचारलं नाही. फौजेत जुनं काढताना विचारत नाहीत.

मग सहा दिवस तो आणि ते काम. कागदावर नकाशा काढला, विट्याहून सामान आणलं. घरापासून शेडपर्यंत दीड फूट खोल चर स्वतः खणला, पाइपातून केबल टाकली. अर्थिंगसाठी परसाच्या कोपऱ्यात खड्डा घेतला आणि त्यात कोळसा आणि मिठाचे थर दिले. शेजारच्या शालनकाकूंनी कुंपणावरून एवढंच बघितलं, की फौजी भर दुपारी खड्ड्यात मीठ पुरतोय. संध्याकाळपर्यंत निम्म्या आळीत करणीची कुजबुज झाली. रेश्माला हसू आवरेना. "सैपाकाला चिमूटभर तरी ठिवलंय का?" एवढंच तिनं विचारलं.

सहाव्या दिवशी घराकडच्या दाराशी, बरोबर पाच फुटांवर, लेव्हल लावून त्यानं बोर्ड बसवला. रेश्माच्या हस्ते बटण दाबून घेतलं. तिला हात डोक्याएवढा वर न्यावा लागला, पण दोन ट्यूब लागल्या आणि शेड लख्ख झाली.

"लय झ्याक झालंय," ती म्हणाली. त्या रात्री लालासाहेब दोन भाकरी जास्त जेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो तोंड धुवायला परसात गेला आणि शेवग्यावर निळी वायर दिसली.

माळ्यावरून काढून, जोडून, पुन्हा तशीच चढवलेली. आत जाऊन बघतो तर पडद्याजवळच्या खांबाला तोच बोर्ड, तीच सुतळी. लालासाहेबाला एवढं लागलं, की त्याला रागसुद्धा येईना. कुणी केलेला स्वयंपाक तसाच झाकून ठेवून बाहेरून वडापाव आणावा, तसं झालं.

"आगं, काय चुकलं माझं?"

"कुठं काय? तुमचं चांगलंच झालंय. ऱ्हाऊ द्या की."

पुन्हा तेच! पण हा गडी हट्टाचा होता. त्या संध्याकाळी तो कट्ट्यावर गेलाच नाही. शेडमध्ये एक क्रेट पालथा घालून कोपऱ्यात बसून राहिला.

ऊन असताना जाळीत शिरलेली रेश्मा बाहेर यायला निघाली तेव्हा अंधारून आलं होतं. सकाळी गाडीत जायची रोपं संध्याकाळीच शेडमध्ये आणून ठेवावी लागत. भरलेला ट्रे दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती आली. पाठीनं पडदा सारला, आत आली आणि न बघता कोपरानं खांबावरचं बटण दाबलं. बल्ब लागला. पायात मांडलेल्या ट्रेंमधून वाट काढत ती पुढं आली आणि कोपऱ्यात नवरा बघून दचकली.

"आगं बया! कट्ट्यावर न्हाई गेला?"

लालासाहेब त्या खांबाकडं बघत होता. त्याचा सुबक बोर्ड शेडच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथं पोचायचं तर अंधारात सगळे ट्रे ओलांडायचे, हातातला खाली ठेवायचा आणि हात वर करायचा. ही बाई कुठून येते, तिच्या हातात काय असतं, हे त्याच्या नकाशात कुठंच नव्हतं. कसं असणार? ही वेळ त्यानं कधी बघितलीच नव्हती.

"रेश्मे, बोलली का न्हाईस?"

तिनं ट्रे खाली ठेवला. "सा दिवस उनात खपलासा. एवढ्या हौसेनं केलंसा. कसं बोलायचं?"

लालासाहेबाला गलबलून आलं. "माझ्या बायकूचे हात कवा मोकळं असत्यात, तेच मला ठावं न्हाई," तो म्हणाला. मग नाक ओढून उठला आणि खिशातून टेप काढला. "घे तो ट्रे हातात. उभी ऱ्हा. सावधान!"

"आवं, येड लागलंय का?"

"हलायचं न्हाई!"

तिच्या कोपरापासून जमिनीपर्यंत त्यानं टेप लावला. रेश्मा हसून हसून हलायला लागली, ट्रेमधली रोपंही हलायला लागली, आणि फौजीला तीनदा माप घ्यावं लागलं. तीन फूट दोन इंच. त्यानं पेन्सिलीनं खांबावर खूण केली. कुठल्या पुस्तकात नसलेलं ते माप त्यानं तोंडपाठही करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दाराशी लावलेला नवा बोर्ड तिथून निघून त्या खुणेवर बसला. निळी वायर या वेळी रेश्मानं स्वतः गुंडाळली. संध्याकाळी ती ट्रे घेऊन आली, कोपर लावलं, दोन्ही ट्यूब लागल्या. लालासाहेब बाजूला छाती काढून उभा होता. आता शाबासकी मिळणार.

"उभं काय ऱ्हायलाय पुतळ्यावानी?" ती म्हणाली. "जाळीत आजून बारा ट्रे हायती. आणा की!"

लालासाहेब जवळजवळ पळतच जाळीत गेला.

"आवं जपून! मुळं हालत्यात! आसं आडवं धरत्यात व्हय?" रेश्मा ओरडत होती, आणि तो एकेका ओरड्याला "व्हय, व्हय" म्हणत ट्रे आणत होता. बावीस वर्षांत कुठल्या साहेबाची बोलणी त्यानं इतक्या आनंदानं खाल्ली नव्हती. काम संपलं तेव्हा तिनं रिकाम्या क्रेटांची चळत त्याच्या हातांवर दिली. "चला भाईर. जाताना लाईट घालवा."

लालासाहेब सहा फुटी गडी. दोन्ही हात भरलेले. तो बटणाशी थांबला, गुडघ्यात वाकला, कमरेत वाकला, कोपर लावलं. चुकलं. पुन्हा वाकला. मागून रेश्माचं हसू त्याला ऐकू येत होतं.

"तुमच्या मापाचं बी एक बसवा आता," ती म्हणाली. "रोज लागंल."

ते 'रोज' लालासाहेबानं नीट ऐकलं.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मी वाकतो की." आणि लाईट घालवली.