पहिल्या मधाचा चमचा

बाबांनी चमचा पुढे धरला आणि मी तोंड घट्ट मिटलं.

बाबा मधमाश्या पाळतात. मोसमाचा पहिला मध गाळला की आधी घरातल्यांनी चाखायचा, मगच बाटल्या भरायच्या, हा आमचा रिवाज. सर्दी, भाजणं, परीक्षा, प्रेमभंग, सगळ्यावर बाबांकडे हेच औषध. माझ्या रक्ताच्या कॅन्सरपुढे मात्र त्याची मात्रा चालली नाही. तिथे दादाच्या मूळपेशी लागल्या, माझ्या अंगात नवं रक्त बनवणाऱ्या.

"राणीमाशी, आ कर." लहानपणापासून ते मला हेच म्हणतात.

"नाही. कच्चा मध बंद, डॉक्टरांनी बजावलंय."

"कच्चा असायला मध म्हणजे काय काकडी आहे? मध कधी नासत नाही!"

"नासत नाही, पण त्यात जंतू झोपलेले असू शकतात. तुमच्या पोटात ते झोपूनच राहतील. माझ्या पोटात उठून बसले तर?"

बाबांचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण तोंड काही मी उघडलं नाही. आत्या म्हणते, पोरगी फार नखरेल झाली. शिळं शिवत नाही, बाहेरचं खात नाही, फळसुद्धा समोर धुऊन सोललं तरच घेते. म्हणू दे. त्या नखऱ्यांवरच मी जिवंत आहे.

संध्याकाळी बाबांनी गरम दूध आणून दिलं. उपचारांत माझी चव गेली होती, नाक मात्र शाबूत होतं. मधमाशीवाल्याच्या लेकीपासून मध लपवायला निघाले होते! मी उठले आणि अख्खा पेला त्यांच्या डोळ्यांदेखत बेसिनमध्ये ओतला.

"माझा मध तुला विष वाटतो?" बाबा बेसिनकडे बघत म्हणाले.

मला रडू आलं असतं, पण त्याआधी राग आला.

"बाबा, बाजारात बाटली देण्याआधी तुम्ही गिऱ्हाइकाला काय विचारता?"

"घरात तान्हं बाळ आहे का, ते."

"का विचारता?"

"वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नसतो. त्याच्या अंगात अजून तेवढी ताकद..." बाबा थांबले.

"माझं रक्त गेल्या हिवाळ्यातलं आहे, अजून वर्षाचंही नाही. बाळाच्या लसीसुद्धा मला पुन्हा पहिल्यापासून टोचायच्यात. परक्यांच्या पोरांना जपता, आणि पोटच्या पोरीला फसवून पाजता? मला जगायचंय बाबा. तुम्ही रुसलात तरी जगायचंय."

"तसं रक्त माझं, म्हणजे ते बाळ माझं आहे," दारातून दादा म्हणाला. कोणी हसलं नाही. बाबांनी पेला उचलला, साबणाने घासला, वर उकळतं पाणी ओतलं आणि पुन्हा साधं दूध तापवायला ठेवलं.

पुढच्या बाजाराला मी हट्टाने गेले. मास्क लावून, काच बोटभर उघडी ठेवून टेबलाशेजारच्या गाडीतच बसले. आमच्या टेबलावर एका बाईने कोपऱ्यातली बाटली उचलली. बाबांनी ती तिच्या हातातून हळूच काढून घेतली.

"ही विकायची नाही. आमच्या घरात तान्हं बाळ आहे, त्याच्यासाठी ठेवलीय."

"अय्या, केवढं आहे?"

"चौतीस वर्षांचं," बाबा म्हणाले. "भारी तापट आहे. डॉक्टर हो म्हणेपर्यंत थेंब घेणार नाही. थांबू की. मध काही नासत नाही."