चौथ्या दिवसाची गोळी

दूध डेअरीत जंतू मोजण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. काचेच्या बशीत थेंबभर दूध पसरायचं, उबेत ठेवायचं आणि उगवलेले ठिपके मोजायचे. जंतू आधी काही तास गप्प असतात, मग दुपटीनं वाढत सुटतात, शेवटी मरू लागतात. कागदावर ती रेघ टेकडीसारखी दिसते. बायको मला जंतूमास्तर म्हणायची.

गेल्या वर्षी तिला लघवीच्या संसर्गानं ताप आला. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी ताप गेला, पण गोळ्यांनी तिला अन्न जाईना.

"अहो जंतूमास्तर, अजून किती उरले असतील?"

मी वर्तमानपत्राच्या कडेला टेकडी काढली आणि उतारावर बोट ठेवलं. "आपण इथं आलोय. आता आहेत ते मरायला टेकलेले."

"मग बंद करू?"

"कर. पोटाला सुट्टी दे."

डेअरीत नव्या माणसांना मीच बजावायचो, उतार म्हणजे शून्य नव्हे; मागे राहतात ते सगळ्यात चिवट, मोकळं रान मिळालं की पुन्हा चढतात. तेव्हा हे आठवलं नाही असं नाही. पण ती कौतुकानं ऐकत होती, आणि मला ते आवडत होतं.

पाच दिवसांनी तिला हुडहुडी भरली. जंतू रक्तात पसरले होते. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती गेली.

उरलेल्या गोळ्या लेकीला कपाटात सापडल्या. "आई कुणाचं ऐकेल तर शपथ. लपवून ठेवल्या बघा." मी गप्प बसलो. अकरा महिने बसलो.

काल नातीचा कान दुखत होता. औषध घेताना ती तोंड फिरवू लागली.

"आजीसारखा हट्ट नको," लेक म्हणाली. "तिनं गोळ्या लपवल्या, म्हणून गेली."

नातीनं माझ्याकडे पाहिलं. "आजी खोटं वागायची, आजोबा?"

"नाही गं. तिनं मला विचारलं होतं. मीच बंद कर म्हणालो."

लेकीचा चमचा हातातच राहिला. "बाबा, तुम्हाला तर माहीत होतं."

"होतं."

तिनं नातीला औषध पाजलं, ओठ पुसले, बाटलीचं झाकण लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतके दिवस मी आईवर चिडून होते."