पाचवं मनात

शेखरने वेलदोडा दाढेखाली दाबला, पांढऱ्या सदऱ्याची बटणं पुन्हा चाचपली आणि मांडवात येऊन पाहुण्यांना हात जोडले. सातपूरच्या कॉलनीत आज त्याच्या दिवंगत आईच्या, वत्सलाबाईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. हात थरथरत नव्हते. सकाळी स्कूटरच्या डिक्कीतली बाटली उघडली ती तेवढ्यासाठीच, असं त्याने स्वतःला समजावलं होतं. आईच्याच कार्यक्रमात मुलाच्या हातून मेणबत्ती पडली तर कसं दिसेल? कारणं शोधण्यात त्याचा हात कुणी धरू शकलं नसतं.

बुद्धमूर्तीशेजारी आईचा हार घातलेला फोटो होता. तिच्याशिवाय गल्लीत ना कुठलं नामकरण झालं, ना गृहप्रवेश. सगळ्यांना पंचशील तीच द्यायची, खणखणीत आवाजात. म्हणून बौद्धाचार्यांनी आज तिच्या नातीला पुढे बोलावलं.

"हर्षाली, आजीनं शिकवलंय ना? म्हण बाळा. आम्ही तुझ्यामागून म्हणू."

आठ वर्षांची हर्षाली हात जोडून बसली. पहिलं शील, दुसरं, तिसरं, चौथं. एक अक्षर अडखळलं नाही, आणि सगळा मांडव मागोमाग म्हणत गेला. मग ती थांबली. थोडा वेळ तशीच राहिली आणि एकदम 'साधु, साधु, साधु' म्हणून तिने डोकं टेकवलं.

बायका मायेने हसल्या.

"पाचवं विसरली गं पोर."

"एवढी माणसं बघून घाबरली असंल."

दारूपासून दूर राहण्याचं ते पाचवं शील मग बौद्धाचार्यांनी स्वतः म्हटलं, मांडवाने म्हटलं. वेलदोडा गालात सरकवून शेखरनेही म्हटलं. पण तो पुढच्याच रांगेत होता आणि त्याने पाहिलं होतं. पोर विसरली नव्हती. थांबली होती तेव्हा तिचे ओठ हलत होते.

दुपारी जेवणं उरकून पाहुणे गेले. शेखरची बायको योगिनी मोठी पातेली घासायला बसली. दिवेलागणीला हर्षाली रोजच्यासारखी मूर्तीपुढे मेणबत्ती लावायला आली. शेखर किल्ली घेऊन स्कूटरकडे निघाला होता, तो मागे वळला आणि तिच्याजवळ बसला.

"सकाळी पाचवं का नाही म्हटलंस?"

"म्हटलं की."

"मला नाही ऐकू आलं."

"पप्पा, तुम्ही असलात की ते मनात म्हणायचं," ती काडी ओढत म्हणाली. "आजीनं सांगितलंय. तुम्हाला वाईट वाटतं ना."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. शेखरने आईच्या फोटोकडे पाहिलं. गल्लीला पाचही शीलं देणारी ही बाई स्वतःच्या घरात एक गिळत होती, किती वर्षं कोण जाणे. आणि तो समजत होता, घरात कुणाला काही कळत नाही. आईच्या फोटोपुढे त्याला स्वतःची लाज वाटली. त्याच्यावर रागवायला ती उरली नाही, याचं त्याहून वाईट वाटलं.

"आता मोठ्यानं म्हण."

हर्षालीने नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही आहात ना."

तो उठला, बाहेर आला आणि दार ओढून घेऊन पायरीवर बसला. समोर स्कूटर उभी होती. आत पोरीने पहिल्यापासून सुरुवात केली. चौथं झालं आणि जराही न थांबता पाचवं आलं, खणखणीत, थेट आईच्या चालीत. मागून म्हणायला त्याने तोंड उघडलं. आवाज फुटेना. नुसते ओठ हलले.

बऱ्याच वेळाने योगिनीने दार उघडलं. त्याने किल्ली तिच्यापुढे धरली. हात पुन्हा थरथरायला लागला होता.

"डिक्की तू उघड, बाटली ओतून टाक," तो म्हणाला. "मला एकट्याला थांबता येत नाहीये."

तिने ओले हात पदराला पुसले, किल्ली घेतली आणि पायात चपला सरकवून पायरी उतरली.