मिस झेल्फाचा अर्ज

हॉयट टिडमोर पहिल्यांदा निवडून आला तेव्हा त्याचं खताचं दुकान होतं आणि घरात कायद्याचं एक पुस्तकही नव्हतं. अलाबामातल्या त्या लहानशा काउंटीत मृत्युपत्रं, वारसाहक्क आणि असहाय म्हाताऱ्यांचे पालक यांचा निवाडा करणारा न्यायाधीश लोकच मतं देऊन निवडत, आणि लोकांना हॉयट आवडायचा. नेटी चोवीस वर्षं त्याची कारकून होती. लग्नाचे परवाने देताना तो नवऱ्या मुलीला म्हणायचा, "मागचं दार उघडं आहे हं, अजून वेळ गेली नाही." सगळे हसायचे. नेटीला ते दिवस अजून आठवतात, आणि त्यांच्या पाठोपाठ मिस झेल्फा आठवते.

मिस झेल्फा बर्डशॉ ऐंशीची, एकटी, चाळीस एकर पाइनच्या रानाची मालकीण. भाचा डेल्मर याची लाकडाची गिरणी होती. गिरणीत दीडशे माणसं, म्हणजे घरची मोठी माणसं धरून चारशे मतं. उन्हाळ्यात डेल्मरने अर्ज केला की मावशीचं डोकं चालत नाही, तिचा पालक म्हणून मला नेमा. सुनावणीत मिस झेल्फाला फक्त तारीख सांगता आली नाही.

"तारीख डेल्मरला विचारा," ती म्हणाली. "माझे दिवस तोच मोजतोय."

हॉयटही हसला. मग त्याने सही केली, आणि तिला वृद्धाश्रमात नेलं.

सप्टेंबरच्या शेवटी तिचं पत्र आलं. चर्चच्या पत्रिकेच्या पाठीवर, पेन्सिलीने, ठळक अक्षरात. हुकूम रद्द करून मला घरी जाऊ द्यावं, आणि कोंबड्यांकडे कोण बघतंय तेही कळवावं. वर तारीख होती, ती बरोबर होती.

हॉयटने पत्र दोनदा वाचलं.

"बाई चांगली शुद्धीत आहे गं," तो म्हणाला.

"मग पुढचा बुधवार लावू, साहेब?"

खिडकीबाहेर डेल्मरचा ट्रक उभा होता. त्यावर हॉयटच्या प्रचाराची पाटी होती.

"निवडणूक होऊ दे. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा लाव. सहा आठवड्यांनी काय बिघडतंय?"

नेटीच्या तोंडाशी शब्द आले होते. पण तिची नोकरी त्याच्या निवडून येण्यावर होती, आणि घरी नवरा अंथरुणाला खिळलेला. तिने तारीख लिहिली.

आश्रमातली परिचारिका सांगायची, बाई रोज सकाळी टोपी घालून दाराशी बसते, न्यायला येतील म्हणून. ऑक्टोबरअखेरीस ती तिथेच पडली. खुबा मोडला. मतदानाच्या आदल्या रविवारी ती गेली.

हॉयट एकशे बारा मतांनी निवडून आला. ठरल्या बुधवारी यादीत तिचं नाव तसंच होतं. नेटीने विचारलं, निकाल काय लिहू?

"अर्जदार मयत," तो कागदावरून मान वर न करता म्हणाला. "पुढचं घे."

नेटीने तसंच लिहिलं.

पुढे हॉयट निवृत्त झाला तेव्हा कोर्टाच्या जिन्यात त्याची तसबीर लावली. शिपाई हातोडी मारत होता, आणि खिळा नेटीने धरला होता.